‘पैसे नंतर, आधी प्रार्थना करा’ म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं?

पार्कचौककर
मंडळी, जरा अडकलोय म्हणून धागा काढतोय.

माझा एक जुना मित्र आहे. मिशन कंपाऊंडात वाढलेला, बँकेत आम्ही वर्षानुवर्षं शेजारच्या काउंटरला बसलो. त्याचा धाकटा मुलगा मोल्डोवात, किशिनाऊला एमबीबीएस करतोय. मोल्डोवा म्हणजे युक्रेनला चिकटलेला चिमुकला देश. ओडेसाकडून निघालेली माणसं पालांका नावाच्या चौकीवरून तिकडे उतरतात. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध पेटलं तेव्हापासून तिथल्या एका छोट्या चर्चची माणसं या लोकांची सोय बघतायत आणि हा पोरगा सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जातो. बीपी बघायचं, गोळ्यांचे डबे लावून द्यायचे, गाद्या उचलायच्या, पडेल ते काम.

दर आठवड्याला तो घरी एक मेसेज पाठवतो आणि मित्र तो मला पुढे ढकलतो. परवाचा देतो, नावं काढून:

“सर्वांना ख्रिस्ताच्या नावात सलाम. या आठवड्याच्या विनंत्या. मिकोलाइव्हच्या एक आजी मांजराला सोडून दवाखान्यात जायला तयार नाहीत, त्यांचं मन वळावं. एका बहिणीच्या नवऱ्याचा आघाडीवरून नऊ दिवस फोन नाही. एक सात वर्षांचा मुलगा दार आपटलं की टेबलाखाली शिरतो, त्याला रात्रीची झोप लागावी. वरच्या मजल्याचा बॉयलर. माझा फार्माकॉलॉजीचा पेपर. प्रार्थनेत आठवण ठेवा.”

मी मित्राला म्हटलं, किती पैसे पाठवू सांग. तो म्हणाला, पैशाचं नंतर बघू, आधी प्रार्थना कर. आता मी काही नास्तिक नाही, सकाळी तळ्याला चक्कर मारून सिद्धेश्वराचं दर्शन घेऊनच घरी येतो. पण ‘हो, करतो’ म्हणायचं आणि विसरून जायचं हे जमत नाही. करायची तर कशी, कोणाकडे? आणि खरं विचारायचं तर बॉयलरला मेकॅनिक लागतो की प्रार्थना?

कडक_भाकरी
फार्माकॉलॉजीसाठी माझी पण लावा बे. आमच्या टायमाला कोणी केली असती तर आज दवाखाना टाकून बसलो असतो.

प्रतिप्रश्न
काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. प्रार्थना फुकट असते म्हणूनच लोक ती आधी मागतात आणि आधी देतात. मेसेजखाली हात जोडलेले तीन इमोजी टाकले की आपलं कर्तव्य संपलं. त्या आजीला प्रार्थनेने नाही, बीपीच्या गोळीने बरं वाटणार. दुसरं म्हणजे संकटातल्या माणसाजवळ धर्म घेऊन गेलं की पुढे काय होतं ते आपण सगळे जाणतो. भाकरीच्या चवडीखाली पुस्तक असतंच.

रूथ_सातरस्ता
पार्कचौककर काका, सलाम. मी त्याच कंपाऊंडातली, तुमचे मित्र कोण ते बहुतेक ओळखलं, पण नाव घेत नाही.

आमच्या बायकांच्या प्रार्थनासभेला एक वही असते, दोनशे पानी, साधी. विनंती आली की तारीख टाकून डाव्या बाजूला लिहायची. उत्तर मिळालं की उजवीकडे. उजवी बाजू बरीच रिकामी असते, हे आधीच सांगते. पण त्या वहीमुळे होतं काय, अमक्या मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे हे तीस बायकांना एकाच वेळी कळतं. प्रार्थना संपून चहा येईपर्यंत सोमवारचा डबा कोणाचा, रात्री दवाखान्यात झोपायला कोण, हे ठरलेलं असतं. ज्याच्यासाठी डोळे मिटून मोठ्याने मागितलं, तो दुसऱ्या दिवशी रस्त्यात दिसला तर तोंड चुकवता येत नाही हो.

प्रतिप्रश्न यांचा मुद्दा आमच्या पवित्र शास्त्रातच आहे. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढा. अंगावर धड कपडा नाही अशा भावाला तुम्ही नुसतं ‘सुखाने जा, ऊब घे’ म्हणालात तर उपयोग काय, असं तो सरळ विचारतो. दोन हजार वर्षांपूर्वी इमोजी नव्हते इतकंच.

बॉयलरसाठी मेकॅनिकच लागतो. मेकॅनिक वेळेवर यावा म्हणून प्रार्थना लागते. हे सोलापूरकराला समजावून सांगायला नको.

कडक_भाकरी
शेवटच्या ओळीला आमेन. माझा प्लंबर चार दिवस “निघालोच ओ साहेब” म्हणतोय.

चेर्निव्हत्सी_रिटर्न
एरवी मी इथे फक्त वाचते, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

युद्ध सुरू झालं तेव्हा मी युक्रेनातल्या चेर्निव्हत्सीला मेडिकलला होते. आम्हाला बसने रोमानियाच्या हद्दीकडे नेलं, पण चौकीच्या कितीतरी अलीकडे गाड्यांची रांग लागली होती. तिथे उतरवलं आणि पुढे बर्फातून बॅगा ओढत चाललो. पोरुब्नेच्या फाटकापाशी जी रेटारेटी झाली ती आठवायला नको. मैत्रिणीचा बूट गर्दीतच राहिला. फाटक ओलांडून सिरेतला उतरलो आणि एकदम समोर टेबलंच टेबलं. गरम सूप, केळी, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, फुकट सिमकार्ड. कोण कुठल्या संस्थेचं ते कळत नव्हतं. कोणाच्या जॅकेटवर क्रॉस, कोणाच्या पाठीवर नुसतीच टेप चिकटवून त्यावर स्केचपेनने ‘ट्रान्सपोर्ट’.

एका बाईने मैत्रिणीला खुर्चीवर बसवलं, तिचा मोजा काढला, पाय स्वतःच्या हाताने चोळला आणि आपल्या पिशवीतले लोकरीचे मोजे घातले. मग मोडक्या इंग्रजीत विचारलं, मी तुझ्यासाठी प्रार्थना करू का? मैत्रीण अकलूजची, पर्समध्ये गणपती आणि अक्कलकोटचा अंगारा. ती हो म्हणाली. बाई दोन मिनिटं रोमानियनमध्ये काहीतरी बोलली. आम्हाला अक्षर कळलं नाही आणि आम्ही तिघी रडलो. पत्रक नाही, पुस्तक नाही, नावही विचारलं नाही. पुढे एका शाळेच्या जिममध्ये झोपलो आणि ‘ऑपरेशन गंगा’च्या विमानाने दिल्लीला आलो.

प्रतिप्रश्न, तुमचं सगळं मान्य करून सांगते, ती प्रार्थना मला नको होती असं मला आजही वाटत नाही. पण मोजे आधी आले. उलट क्रम असता तर काय वाटलं असतं, माहीत नाही.

चादरवाला
पोरी, वाचून घशात आलं.

आमचे चार लूम आहेत, अशोक चौकाच्या मागे. शंभर चादरी देतो, आज गठ्ठा बांधतो. पाठवायचं कसं तेवढं सांगा.

निवृत्त_तलाठी
चादरवाले, थांबा. सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. सोलापूरचे सिव्हिल जखमींनी भरले होते आणि गावागावांतून ट्रक निघाले होते. माझी ड्यूटी उमरगा भागात लागली. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले मी डोळ्यांनी पाहिले. नऊवारी नेसणाऱ्या बायांना जीन्स पाठवलेल्या. पाऊस झाला, ढीग कुजले, जनावरंसुद्धा तोंड लावेनात. उचलायला माणसं लावावी लागली, ती माणसं पडक्या घरांचे ढिगारे उपसायच्या कामावरून काढून इकडे लावावी लागली. पाठवणाऱ्यांचं मन चांगलंच होतं. तुमची चादर लाखात एक, पण मोल्डोवाला विमानाने पोचेपर्यंत तिच्या भाड्यात तिथे दोन ब्लँकेटं येतील. आणि तिथल्या थंडीत सुती चादर नेसायची की पांघरायची?

चादरवाला
बरोबर ओ साहेब. मग चादरी इथल्या सिव्हिलला देतो, तिकडचं दुसरं बघू.

सीए_होटगीरोड
पैशाची भानगड आधीच मोकळी करतो, कारण पुढे कोणीतरी एफसीआरए काढणारच. एफसीआरए परदेशातून इकडे येणाऱ्या देणगीसाठी आहे. इकडून तिकडे पाठवण्याशी त्याचा संबंध नाही.

व्यक्ती म्हणून पाठवायचं तर बँकेतून रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली जातं. पॅन लागतो, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. तुम्ही कोणी तिथपर्यंत पोचणार नाही, चादरवाले सोडून. ८०जीची, म्हणजे देणगीवरची करसवलत विसरा. मात्र एखाद्या इथल्या ट्रस्टच्या किंवा चर्चच्या खात्यातून परस्पर पाठवू नका. ट्रस्टचं उत्पन्न भारतात खर्चलं तरच करमाफी टिकते, बाहेर खर्चायचं तर आधी सीबीडीटीची, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता लागते. पोराच्या स्वतःच्या खात्यावर गावभरची वर्गणी टाकणं तर अजिबात नको. परदेशातला विद्यार्थी आहे, उद्या बँकेने विचारलं तर कुठे कुठे उत्तरं देत बसेल?

सेटलमेंटचा_नातू
सगळे गोड गोड लिहितायत, म्हणून मी जरा कडू लिहितो.

माझे आजोबा इथल्या सेटलमेंटात होते. इंग्रजांनी आमच्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलेलं, तारेच्या कुंपणात ठेवलेलं, दिवसातून हजेरी. ती वसाहत काही काळ एका मिशनकडे चालवायला होती. शाळा त्यांनी काढली, आजोबांना अक्षर आलं ते तिथे. मेणबत्ती लावून प्रार्थनाही व्हायची. कुंपणही होतं आणि हजेरीही होती. १९५२ ला कायदा गेला तेव्हा सुटका झाली. आजोबा मरेपर्यंत त्या मास्तरांबद्दल आदराने बोलायचे आणि हजेरीची घंटा आठवली की थुंकायचे. दोन्ही एकाच वाक्यात.

म्हणून माझा प्रश्न इतकाच आहे. ज्याच्यासाठी प्रार्थना चाललीय त्याला ‘नको’ म्हणायची मुभा आहे का? अकलूजच्या मुलीला होती. आमच्या आजोबांना नव्हती.

रूथ_सातरस्ता
नातू, तुमचं बरोबर आहे. यावर मी ‘पण’ लावणार नाही.

प्रतिप्रश्न
हेच मला म्हणायचं होतं, फक्त मला इतकं नीट सांगता आलं नाही. मदत संस्थांची आचारसंहिताच आहे, रेडक्रॉस आणि इतरांनी १९९४ मध्ये केलेली. मदत गरज बघून द्यायची, आणि ती कुठल्याही राजकीय किंवा धार्मिक मताच्या प्रचारासाठी वापरायची नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. काकांच्या मित्राच्या मुलाला विचारा, ते चर्च हे पाळतं का.

गड्ड्यातला_पाळणा
अहो, पण युक्रेनचे लोक बहुतेक आधीच ख्रिश्चन आहेत ना? त्यांना बाटवून काय करणार, ख्रिश्चन?

प्रतिप्रश्न
ते बहुतांशी ऑर्थोडॉक्स, हे प्रोटेस्टंट असतील. वारकऱ्याला महानुभाव करायला गेलात तर तो गप्प बसेल का? आणि एकट्या ख्रिश्चनांनीच केलं असंही नाही. पोलंडात झेशूफला बीएपीएसच्या स्वामिनारायण मंडळींनी स्वयंपाकघर थाटून गरम शाकाहारी जेवण दिलं, सीमेवर शीखही लंगर घेऊन गेले.

ऐझॉलहून_परत
बदलीवर तीन वर्षं मिझोराममध्ये होतो म्हणून लिहितो. युक्रेन लांब आहे, हे तर आपल्याच देशात चाललंय. फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारात लष्कराने सत्ता बळकावली, मग चिन प्रांतातली हजारो माणसं टिआऊ नदी ओलांडून चाम्फाईकडे झोखाव्थारला आली. मिझो आणि चिन नात्यागोत्याचे, दोघेही बहुतांशी ख्रिश्चन. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कागदोपत्री ‘निर्वासित’ हा दर्जाच नाही. मग सांभाळलं कोणी? गावाने, चर्चने आणि यंग मिझो असोसिएशनने.

तिथल्या बायकांची एक पद्धत बघून मी थक्क झालो. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी शिजवायला घेतलेल्या तांदळातून एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची. डबा भरला की चर्चमध्ये. त्या मुठीमुठीतून केवढालं काम उभं राहतं. माझ्या घरमालकीणबाई मूठ काढताना ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायच्या. एकदा विचारलं तर म्हणाल्या, खाणाऱ्यासाठी प्रार्थना. आपल्याकडचा मुष्टिफंड आठवा, तोच प्रकार. तेव्हा काका, प्रार्थना की पैसे हा वाद तिथे कोणाला सुचलासुद्धा नसता. हात डब्यात होता आणि तोंड देवाकडे.

पंचगंगा_घाट
सोलापूरकरांनो, शेजाऱ्याला विसरू नका. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. पाचेक हजार लोक, बहुतेक बाया, पोरं आणि म्हातारे. स्टालिनने सैबेरियाकडे हाकलले होते, तिथून इराणमार्गे इकडे आले. छावणीत त्यांची शाळा, चर्च, नाटकं सगळं होतं. ते गेले आणि फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. आज तुम्ही लग्नाचा बस्ता बांधायला ज्या गांधीनगरला येता ना, तेच ते. अजूनही पोलंडची म्हातारी माणसं कोल्हापूर बघायला येतात. आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या लाखो बायापोरांना घरात घेतलं ते पोलंडनेही.

गड्ड्यातला_पाळणा
बस्त्याला आम्ही कशाला येऊ गांधीनगरला? सोलापुरात कापड संपलं काय?

पंचगंगा_घाट
येता. बघितलंय आम्ही. पिशवीवर दुकानाचं नाव झाकून नेता.

भैय्या_चौक
आणि आपले डॉ. कोटणीस? १९१० ला सोलापुरात जन्म, १९३८ ला चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक, १९४२ ला तिथेच देह ठेवला. वय फक्त ३२. आमच्या चौकात स्मारक आहे, सोलापूरची किती पोरं आत गेलीत विचारा. कुठे प्रार्थना करत बसले होते ते?

निवृत्त_तलाठी
कोटणीस थोरच, पण ते लढाईतल्या जखमी सैनिकांच्या शस्त्रक्रिया करायला गेले होते. निर्वासितांचा विषय वेगळा.

भैय्या_चौक
जखमी तो जखमी. तलाठ्याने त्यातही सातबारा वेगळा काढला.

बार्शीलाइट
निर्वासित म्हटलं की इथे सगळ्यांना परदेशच आठवतो. माझी आजी तुळजापूर तालुक्यातली. निजामाच्या हद्दीत. रझाकारांच्या वेळी रातोरात बैलगाडीतून सोलापूर जिल्ह्यात आली, एका धर्मशाळेच्या ओवरीत दोन महिने काढले. सप्टेंबर १९४८ ला फौजा सोलापूरहून नळदुर्गाकडे निघाल्या त्या तिने रस्त्याकडेला उभं राहून बघितल्या. आणि कारवाईनंतर तिकडून उलट्या दिशेने जीव मुठीत धरून पळालेली मुसलमान कुटुंबंही तिने बघितली. त्यातल्या एका बाईला तिने ताकाचा तांब्या दिला होता, हे ती फार हळू आवाजात सांगायची. घरच्यांना आवडायचं नाही.

ओवरीत त्यांना पिठलं-भाकरी कोण द्यायचं माहीत आहे? शेजारच्या लिंगायत वाण्याचं घर. जेवणाआधी काय म्हणायचे तेही आजीला पाठ होतं. तिने ते कधी म्हटलं नाही, पण विसरलीही नाही.

पार्कचौककर
मी धागा काढून गायब झालो म्हणून दोघांनी व्यनि (खासगी निरोप) केले. गायब नव्हतो, प्रश्न विचारत होतो.

प्रतिप्रश्न यांचा प्रश्न मुलाला जसाच्या तसा पाठवला. त्याचं उत्तर असं: “काका, आमच्या पाळकांचा नियम आहे. जेवणाच्या हॉलमध्ये उपदेश नाही. रविवारची उपासना वेगळ्या खोलीत, ज्याला यायचं तो येतो. पुष्कळ जण येत नाहीत, त्यांना सूप तेवढंच मिळतं. प्रार्थनेसाठी नाव घालायचं तर आधी विचारतो. त्या आजींनी स्वतःचं नाव घालू दिलं नाही, मांजराचं घाला म्हणाल्या.”

नातू, हे तुमच्यासाठीही.

मग मी त्याला विचारलं की मला नेमकं काय करायला सांगतोस. तो म्हणाला, तिथे युक्रेनहून आलेल्या बहुतेक बायाच. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना युद्ध सुरू झालं तेव्हा देश सोडायला बंदी घातली होती, त्यामुळे घरटी कोणीतरी मागे राहिलेलं. “त्यांना पैसे दिले की त्या मान खाली घालतात. पण इंडियात कोणीतरी तुझ्या नवऱ्याचं नाव घेतंय म्हटलं की नकाशा काढायला लावतात, सोलापूर कुठे आहे दाखव म्हणतात.”

बुधवारी मित्राबरोबर सभेला गेलो. बूट बाहेर काढायचे की नाही यावरच आधी गडबड झाली. रूथताईंची वही बघितली. युक्रेनच्या नावांचे उच्चार ऐकून मला भर सभेत हसू आवरेना, तर शेजारच्या मावशींनीच मला कोपराने ढोसलं आणि त्याही हसल्या. नंतर तिथेच लूमवरून कमी केलेल्या एका कामगारासाठी, दोन मुलींच्या नर्सिंगच्या ॲडमिशनसाठी आणि प्रतिप्रश्नांच्या प्लंबरसाठी...

कडक_भाकरी
प्लंबर माझा आहे ओ काका!

पार्कचौककर
...कडक भाकरींच्या प्लंबरसाठी विनंती मीच घातली. लिहून घेतली त्यांनी, तारखेसकट.

घरी येऊन सकाळी तळ्यावर त्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव सिद्धेश्वरापुढे घेतलं. मित्राला विचारलं, हे चालेल का? तो म्हणाला, तू घेतलंस ना, झालं. बॉयलरचे पैसे सीएसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे माझ्या खात्यातून थेट त्या चर्चच्या खात्यावर गेले.

प्रतिप्रश्न
काका, माझ्या मते बॉयलर पैशाने दुरुस्त झाला. तरी पावती मिळाली की टाका, मीही भर घालतो. प्रार्थनेबद्दल माझं मत बदललेलं नाही, हे नोंदवून ठेवा.

रूथ_सातरस्ता
नोंदवलं. डाव्या बाजूला.

चेर्निव्हत्सी_रिटर्न
त्या नवऱ्याचा फोन आला का?

पार्कचौककर
अजून नाही. मुलाच्या पेपरचा निकाल लागला, पास आहे. आजींना डॉक्टरने शेवटी खोलीतच येऊन तपासलं.

चादरवाला
सीएसाहेब, एक विचारू? मुलाला घरची शेंगा चटणी कुरिअरने पाठवली तर कस्टमवाले धरतात काय?

सीए_होटगीरोड
ते माझ्या खात्यात येत नाही. पण तेल गळणार नाही असं पॅक करा आणि डब्यावर काय आहे ते इंग्रजीत लिहा. शेंगदाण्याची ॲलर्जी कोणालाही असू शकते, तेव्हा आत शेंगदाणे आहेत हे मोठ्या अक्षरात.